वेलावतीचा अखंडदीप

पूर्वी, त्रेतायुगाच्या आरंभी, पश्चिम समुद्राला भरती नव्हती आणि ओहोटीही नव्हती; तो एकाच रेषेवर निश्चल उभा असे. त्या काळी भद्रतीर नगरीजवळच्या केतकीवनात वेलावती नावाची तपस्विनी राहत होती. ती तान्ही असताना आईबापांची नौका वादळात फुटली आणि तिमी नामक पर्वतप्राय जलचरांपैकी एका मादीने तिला पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावले. पुढेही पोर पाण्यात उतरली, की तिमी उथळात येई आणि तिच्या पाठीला गाल लावून पोर झोपी जाई. त्या पाठीचा उग्र, खारा वास हीच वेलावतीला ठाऊक असलेली आई.

तिचे केस पिकले तोवर राजांच्या नौकांनी सागर पार नासवला होता. मत्स्यांची अंडी, पिले, कशाचीच गय नव्हती; दिव्यांच्या तेलासाठी तिमींची कत्तल होता होता तिची माता तेवढी उरली. तेव्हा हाती कमंडलू घेऊन वेलावती एकेका राजाचा उंबरठा झिजवू लागली.

"राजा, मला भूमी नको, गोधन नको. सागराला अभय दे."

"इतरांनी दिले, तर मीही देईन," असे प्रत्येकजण म्हणे. या एका उत्तरापायी तिचे आयुष्य सरत आले. अखेर भद्रतीरच्या वसुकेतू राजाने साऱ्या किनाऱ्याचे राजे एकत्र बोलावले, त्या दिवशी म्हातारी लहान मुलीसारखी रडली.

अभयदानाच्या सभेची एक रीत होती. मागणाऱ्याने स्वहस्ते दीप लावायचा आणि शेवटच्या राजाच्या तळहातावर संकल्पाचे उदक पडेपर्यंत तो विझू द्यायचा नाही. विझला, तर सभा निष्फळ. वेलावतीने तुपाचा दीप लावला, कमंडलू उचलला, आणि तिथेच घोडे अडले.

"हे तपस्विनी," वसुकेतू उभा राहिला, "सभा माझी, मंडप माझा! प्रथम उदक माझ्या हातावर पडले पाहिजे!"

"ज्याचा किनारा सर्वांत दीर्घ," उत्तरेचा राजा चंडघोष गर्जला, "त्या माझ्याआधी कोणाच्या हातावर पाणी पडते, तेच मी पाहतो!"

"महाराज, पाणी एकाच कमंडलूतले आहे हो," ती दोघांच्या पाया पडली. "आधी काय, नि मागाहून काय?"

पण ऐकतो कोण! भाटांनी वंशावळी काढल्या, पुरोहितांनी शास्त्राधार काढले. गंमत अशी, की नाही म्हणणारा सभेत एकही नव्हता. दिवसांमागून दिवस गेले, आणि वेलावती कमंडलू धरून दीपाशी बसून राहिली.

एका सायंकाळी वारा फिरला आणि दीपाचा धूर तिच्या तोंडावर आला. ती दचकली. तो वास तिच्या ओळखीचा होता.

"राजा, दिव्यात काय घातलेस?"

"चिंता नसावी, माते," वसुकेतू कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "तूप संपले, म्हणून मी नौका धाडल्या. केतकीवनासमोरच्या उथळात एक वृद्ध तिमी सापडली. माणसे पाहून पळाली नाही, उलट जवळ आली. आता दीप विझायचा नाही."

अभय अजून दिलेले नव्हते, त्यामुळे रीतीप्रमाणे राजाचे काहीच चुकले नव्हते.

तोच सागर खवळून मंडपाच्या पायरीला भिडला आणि लाटांतून साक्षात वरुणदेव प्रकटले. "कन्ये, तू केवळ हो म्हण. या राजांसह ही सारी भूमी मी गिळून टाकतो."

राजे थरथरत तिच्याकडे पाहू लागले. तिने नगरीकडे पाहिले. तिथे चुली पेटल्या होत्या, कोणी लेकरांना हाका मारीत होते.

"नको, देवा. यांचीही पोरे कोणाच्या तरी पाठीला गाल लावून झोपतात." मग कमंडलूतले सारे उदक तिने दीपावर ओतले. "राजांनो, तुमचा संकल्प अपुरा राहिला. तो पुरा होईपर्यंत सागर तुमच्या दारी येईल, मागेल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. पण मागायचे सोडणार नाही."

"तथास्तु," वरुणदेव म्हणाले. पाणी मागे हटू लागले आणि त्यासोबत वेलावतीही चालत आत गेली. तिला कोणी अडवले नाही.

तेव्हापासून समुद्र दिवसातून दोनदा किनाऱ्यावर येतो आणि माघारी जातो. ते राजे गेले, त्यांची राज्येही गेली. पुढे जे जे सत्तेवर आले, त्यांच्याही सभा भरल्या. समुद्र अजून येतो आहे.