पडणाऱ्याचे शस्त्र

एकदा एक तरुण शस्त्रकार आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. शस्त्रकार म्हटल्यावर वाचकांनी दचकू नये. या गृहस्थाने जन्मात कोणाला चिमटाही काढला नव्हता. संगणकावर खेळायचे खेळ तो घडवीत असे, आणि त्यांतली शस्त्रे रचणे हे त्याचे विशेष काम. गुरूंनी आयुष्यभर एका नाटकमंडळीसाठी लाकडी गदा आणि तलवारी घडवल्या होत्या. शिष्य आणि त्याचा धाकटा भाऊ लहानपणी त्यांच्याच अंगणात रंधा धरायला शिकले होते.

शिष्य आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. त्याचा नवा खेळ चारशे वर्षांनंतरच्या काळातला होता. दोघा भावांनी मिळून तो कल्पिला; पुढे धाकटा सैन्यात गेला आणि गेल्या वर्षी सीमेवर कामी आला. थोरल्याने खेळ एकट्याने पुरा करत आणला. परंतु ज्या व्यापाऱ्याने त्यात भांडवल घातले होते, त्याने आता निर्वाणीचे सांगितले होते, की खेळणाऱ्यांना शस्त्र खोटे वाटते. दिवाळीपर्यंत ते खरे वाटले नाही, तर खेळ गुंडाळायचा. भावाची एवढी एकच गोष्ट हाती उरली होती, आणि तीही निसटू लागली होती.

"आबा, मी काही कमी ठेवलं नाही हो," शिष्य म्हणाला. "प्रकाशाचा झोत सुटला की नळी किती तापेल, निवायला किती वेळ लागेल, सगळं गणित करून बसवलंय. प्रकाशाला हिसका नसतो, म्हणून खांद्याला बसणारा हिसकासुद्धा काढून टाकला. जाणकार म्हणाले, चूक काढायला जागा नाही. आणि पोरं म्हणतात, रंगपंचमीची पिचकारी वाटते!"

शिष्याने पुढे धरलेल्या संगणकाच्या पडद्याकडे गुरूंनी पाहिलेही नाही. "ज्याला लागतं, त्याचं काय होतं?"

"त्याचं? त्याचा धूर होतो. मग पुढचा येतो."

गुरू उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भाजीसाठी आणलेला दुधी भोपळा उचलून आणला आणि शिष्याच्या हाती दिला. "हे तुझं चारशे वर्षांनंतरचं शस्त्र. झाड माझ्यावर."

म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असे शिष्याला वाटले. तरी गुरूंचा शब्द मोडवेना. ओशाळे हसत त्याने भोपळा रोखला. गुरू त्या भोपळ्याच्या टोकाकडे पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा पालटला. काहीतरी सांगायचे राहिले, असा त्यांनी हात पुढे केला. मग गुडघे दुमडले, आणि ते उंबऱ्यापाशी आडवे झाले.

शिष्य हसला. "वा, आबा!" गुरू हलले नाहीत. "आबा, पुरे आता. उठा." तरीही नाहीत. तेव्हा त्याच्या हातून भोपळा गळला. धावत जाऊन त्याने गुरूंचे डोके मांडीवर घेतले आणि तो त्यांना हाका मारू लागला.

गुरूंनी डोळे उघडले. "भोपळ्यानं मारलंस रे मला, आणि पाणी तुझ्या डोळ्यांत! आमच्या मंडळीत एक रीत होती. शस्त्र मारणाऱ्यानं निवडायचं नाही. ज्याला त्या प्रयोगात मरायचंय, त्यानं निवडायचं. मारणारा ते नुसतं उचलतो, खरं करतो तो पडणारा. गदा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, आतून पोकळ, हे पुढं बसलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असायचं. पण दुर्योधन मांडी धरून कोसळला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. जे कधी घडलंच नाही, त्यावर माणूस खुशाल विश्वास ठेवतो, बाबा. दुःख तेवढं खरं असावं लागतं त्याला. तू नळीच्या उष्णतेचं गणित केलंस, आणि माणसाचा मात्र धूर केलास."

शिष्याने मान खाली घातली. "ते मला जमलं नाही, आबा. पडलेला माणूस काढायला घेतला की त्याला चेहरा येतो."

"कुणाचा, ते मला ठाऊक आहे."

"घरी पेटी आली. उघडू नका म्हणाले. मी त्याला पाहिलंच नाही हो."

आणि तो हुंदके देऊन रडला. रडू नकोस असे गुरू म्हणाले नाहीत. त्या धाकट्याच्या हातात पहिला रंधा त्यांनीच दिला होता. त्यांनाही रडू आवरले नाही.

शिष्य परतला. शस्त्राला त्याने हातही लावला नाही. मात्र आता खेळात जो पडे, तो पडलेलाच राही. त्याच्या बाजूचा कोणी एक धावत येई, त्याला काखेत हात घालून उठवू पाही, आणि उठत नाही असे कळल्यावर त्याच्याजवळ बसून राही.

व्यापारी खेळ पाहायला आला. एकदा शस्त्र चालवून तो थबकला. "आता खरं वाटतं. वजन वाढवलंत का?"

"नाही."

व्यापारी पुढे जाईना. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "यांना ओलांडून जाववत नाही मला. दुसरी वाट आहे का?"

"आहे," शिष्य म्हणाला. "पण लांबची आहे."

"असू दे," व्यापारी म्हणाला, आणि शस्त्र खाली ठेवून लांबच्या वाटेने निघाला.