हाडांचं बोलणं ऐकणारी हौसाक्का

फार फार वर्षांपूर्वी, घाटाला गाडीरस्ता नव्हता तेव्हा, पायथ्याच्या खिंडवाडीत घरोघरी घोडी होती. खाडीवरचं मीठ त्यांच्या पाठीवरून घाटावर जायचं. त्या गावात हौसाक्का घोड्यांची दुखणी बघायची. घोड्याच्या गालाला कान लावला की त्याची हाडं तिच्याशी बोलत, असं म्हणतात.

एका वर्षी भात उदंड पिकलं. लोकांनी मायेनं घोड्यांपुढे कोंड्याच्या पाट्या ओतल्या. घोडी गुबगुबीत झाली. पण उन्हाळ्यात ती एकेक करून लंगडायला लागली, आज या पायानं, उद्या त्या. मग तोंडं दोन्ही बाजूंनी फुगली, दात हलले, चारा तोंडातून गळू लागला. रोग पसरेल या भीतीनं पंचांनी ठरवलं, आजारी घोडी कड्यावरून लोटायची. पहिली पाळी दौलू मिठवाल्याच्या हरणीची. दौलू तिच्या मानेला मिठी मारून उभा राहिला, तो सोडेना.

तेवढ्यात हौसाक्का आली. तिनं हरणीच्या गालावर बोटं वाजवली. निरोगी घोड्याचा गाल पोकळ वाजतो, हरणीचा ओल्या ओंडक्यासारखा बद्द वाजला. तिनं कान लावला, बराच वेळ ऐकलं. मग घोडी काय खाते ते विचारलं आणि पंचांकडे वळली.

"ही साथ नाही. नुसत्या कोंड्यानं हाडांतला चुना विरत चाललाय. दसऱ्यापर्यंत घोडी माझ्या हवाली करा. बरी झाली नाहीत तर मलाच कड्यावर न्या."

दौलूचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच हिला मारत होतो, आक्का?"

"नकळत, बाबा. आता थांबव, एवढंच."

कोंडा बंद झाला. हौसाक्कानं खाडीवरचे शिंपले भाजून चुना केला, त्याची निवळी घोड्यांना पाजली आणि त्यांना डोंगरावरच्या कुरणात मोकळं सोडलं. पाऊस लागेपर्यंत मीठ लोकांनीच डोक्यावरून वर नेलं, माना आखडल्या तरी नेलं. त्या साली कुरणातल्या गवतावर चांदणं दाट साचायचं आणि घोडी ते चाटायची, असं म्हणतात.

दसऱ्याला सगळा गाव कुरणाच्या वाटेकडे डोळे लावून बसला. आधी टापा ऐकू आल्या. मग हरणी चारी पाय नीट टाकत दौडत उतरली, मागोमाग बाकीची. टापांनी कडा दणाणला आणि पलीकडच्या गावांतली गुरंही उठून उभी राहिली, असं म्हणतात. हरणीच्या तोंडाची सूज थोडी राहिली, ती जन्मभर राहिली. पण ती चारा चावत होती. दौलू तिच्या मानेला बिलगला आणि रडता रडता हसला. पंचांनाही हायसं वाटलं. घोडी लोटायची कोणालाच नव्हती.

हौसाक्का गेली त्याला पिढ्या लोटल्या. आता घाटातून टेम्पो जातात आणि खिंडवाडीत दोनच घोडी उरलीत. तरी दसऱ्याला हौसाक्काच्या नावानं त्यांच्या पाठीवर कोणी काही ठेवत नाही. लहानथोर सगळे डोक्यावर मिठाचं गाठोडं घेऊन घाट चढतात, आणि घोडी मोकळ्या पाठीनं पुढे चालतात.