गादीवर बसलेला पांडाक

आपल्या पणज्याच्या पणज्यालाही धड सांगता आली नसती, इतकी जुनी ही गोष्ट. समुद्रापल्याड, मलय मुलखात, केलांबीर नावाचं राज्य होतं. राजे तिथं फार बदलायचे. भावानं भावाला मारायचं, पुतण्यानं चुलत्याला. लोकांनी त्यांची नावं लक्षात ठेवणंच सोडलं होतं. रिवाज मात्र पक्का. नवा राजा गादीवर बसल्याशिवाय जुन्याला पुरायचं नाही, आणि राजाला पुरल्याशिवाय दुसऱ्या कुणासाठी जमीन खणायची नाही.

एकदा राजा मेला आणि त्याची दोन पोरं गादीसाठी भांडत बसली. एकानं नदीचा हा काठ धरला, दुसऱ्यानं तो. मढं राजवाड्यात कुजत पडलं. गावात ताप शिरला, घरोघरी माणसं मेली. असं म्हणतात, की गिधाडंसुद्धा तो वास सोसेना म्हणून उडून गेली.

गावात थडगी खणायचं काम पांडाकचं. त्या तापात त्याची बायको मेलूर दगावली. जन्मभर दुसऱ्यांची माणसं पुरली, आणि स्वतःच्या बायकोला हातभर जमीन देता येईना. तिला चटईत गुंडाळून तो ओसरीवर काठी घेऊन बसला, मढ्याच्या वासावर येणाऱ्या घोरपडी हाकलत. शेवटी कुदळ उचलली आणि राजवाड्यात गेला. पहारेकरी पळालेले. म्हातारा प्रधान तेवढा धूप जाळत बसलेला.

"गादीवर कुणीतरी बसायला हवं ना? मी बसतो."

"मुंडकं उडवतील, गाढवा."

"उडवू देत. आधी मेलूरला पुरतो."

चिखलाच्या पायांनी तो गादीवर बसला. प्रधानानं नाकाला फडकं लावून मुजरा केला. "महाराज, आज्ञा?"

"पुरा. सगळ्यांना."

मग राजानं स्वतःच कुदळ मारली. आधी त्या मढ्यासाठी, मग गावासाठी. मेलूरला शेवटी ठेवलं. राजा झाल्यावर आपलं माणूस पुढं कसं घुसवणार? असं म्हणतात, की तो खणत होता तोवर सूर्य बुडालाच नाही.

त्या दोन भावांचं जन्मात एकदाच एकमत झालं. दोघं मिळून त्याला मारायला आले. पांडाक मेलूरवर माती ओढत होता.

"तुला राजा केला कुणी?"

"तुमच्या बापानं. पडून पडून कंटाळला होता."

माती सपाट होऊ दिली नाही, तिथंच कापला त्याला. वर दवंडी पिटली, याला कुणी पुरायचं नाही. असं म्हणतात, की जमिनीनंच तोंड उघडलं आणि त्याला मेलूरशेजारी आत घेतलं. ते भाऊ पुढं एकमेकांच्या हातून मेले. त्यांची नावं मला विचारू नका, कुणालाच ठाऊक नाहीत.

त्या गावात अजूनही कुणी मेलं, की खणणाऱ्याला आधी चटईवर बसवतात. घरातलं थोरलं माणूस त्याच्यापुढं वाकून आज्ञा मागतं. तो पांडाकचं नाव घेतो आणि कुदळ उचलतो. माती सपाट होईपर्यंत गावात दुसरा राजा नसतो.