अनसाबाई बसली तो दगड

पाव्हणं, दमला असाल, पण त्या दगडावर बसू नका. आमच्या उंबरडोहच्या कोष्टी गल्लीत त्यावर कुणी टेकलं, की समोरच्या घरातली बाई पदर खोचून येते आणि विचारते, "पोरं कुठायत?" तुमच्याजवळ पोरं नसली तर पंचाईत.

गोष्ट शंभर टक्के खरी. माझ्या पणजीनं ती डोळ्यांनी पाहिली. आता पणजी तेव्हा जन्मलेली नव्हती, पण म्हणून काही ती खोटं बोलणार नाही.

असं सांगतात, की एका साली गावात तापाची साथ आली, आईबाप गेले आणि मधल्या वयाची पोरं मागं राहिली. तान्ही असती तर कुणी उचलली असती, कर्ती असती तर कुणी मागावर बसवली असती. ही ना धड लहान, ना धड मोठी. उलट बोलायची, हाताला लागेल ते पळवायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणी दारात उभं करीना. तेव्हा अनसाबाई कोष्टिणीनं त्यातल्या एका पोरीला, धुरपीला, घरी आणलं. धुरपीमागून बाकीची आली.

गल्लीला फार कौतुक. नागूअण्णा पंच रोज ओट्यावरून म्हणायचे, "अनसे, तू आहेस म्हणून गल्लीची अब्रू आहे गं!" आणि आत जाऊन जेवायचे. अनसाबाई सकाळी सुताला खळ द्यायची, दिवसभर मागावर धोटा फेकायची, तिन्हीसांजेला भाकऱ्या थापायची. मधेच एखादं पोरगं पळालं, की नदीपर्यंत हाका मारत जायची. पुढंपुढं तिला रागसुद्धा येईनासा झाला. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

एका बाजारच्या दिवशी ती पाण्याची घागर घेऊन येत होती, म्हणे. दार समोर दिसत होतं. तेवढंही चालवेना, म्हणून ती इथं टेकली. "आई जगदंबे," ती म्हणाली, "आता मला दगड कर. दगडाकडे कुणी जेवायला मागत नाही." देवीनं ऐकलं. पावलांपासून सुरुवात झाली, ती मांडी, पाठ, मान असं करत डोळ्यांपर्यंत आली.

गल्ली धावली. कुणी शेंदूर आणला, कुणी नारळ. नागूअण्णांनी तर देऊळ बांधायचं ठरवूनही टाकलं. तेव्हा धुरपीनं त्यांच्या हातातला नारळ हिसकावला.

"आत सगळी उपाशी आहेत, अण्णा. तिला शेंदूर फासून आमचं पोट भरतंय होय?"

"मग काय करू म्हणतेस?"

"एकाला घरी न्या. जेवायला घाला. उद्या तो शिव्या देईल, तरी परवा परत घाला."

देऊळ बांधणं सोपं होतं. शेवटी अण्णांनी सगळ्यांत उर्मट पोराचा हात धरला, आणि म्हणतात, दगडाची बोटं हलली. शेजारणीनं धुरपीला नेलं, तशी मान हलली. शेवटचं पोर कुणाच्या तरी दारातून आत गेलं, तेव्हा अनसाबाई उठली, लुगडं झटकलं, भाकरी खाल्ली आणि झोपली ती पुढच्या बाजारापर्यंत. मांडीच्या आकाराचा हा दगड तेवढा इथं उरला.

आजही गल्लीतल्या घराघरांत असं एखादं पोर असतं. बापाच्या दारूला कंटाळून निघालेलं, आयटीआय अर्धं सोडलेलं, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून गप्प बसलेलं. सांभाळणारं माणूस थकलं, की येऊन इथं बसतं. का बसलं, ते कुणी विचारत नाही. शेजारी येतात आणि पोराला आपल्याकडे घेऊन जातात. दगडाला शेंदूर लावायला मात्र सक्त मनाई.

आता तुम्ही खरंखोटं विचारणार. समोरची ती पदर खोचणारी बाई धुरपीच्याच वंशातली, तिला विचारा. अनसाबाई दगड झाली, हे मी ऐकलं तसं सांगितलं. खोटं एवढंच, की ती उठली, हे मी घातलंय. जुनी माणसं गोष्ट पोरं वाटून घेतली तिथंच संपवतात. पण इतक्या दमलेल्या बाईला उपाशीपोटी तसंच बसवून ठेवायचं माझ्या जिवावर येतं.