राजेसाहेबांच्या घड्याळातला चोर

कातळगडच्या राजेसाहेबांच्या घड्याळात पुन्हा वाफ धरली! डबी उघडली तर काच आतून धुरकट, काटे कुठे आहेत तेच दिसेना. घड्याळ मनगटी होतं, विलायतेहून आलेलं, थोरल्या सरकारांनी, म्हणजे राजेसाहेबांच्या वडिलांनी, हयातभर वापरलेलं. ते वारले आणि राजेसाहेबांचा सगळा जीव त्या घड्याळात जाऊन बसला. आणि कातळगडचा पाऊस म्हणाल तर विचारू नका. मिठाला पाणी सुटतं, पापड चामड्यासारखे होतात, दारं फुगून बसतात. पण राजहट्टापुढे पावसाचं काय चालतं?

राजेसाहेबांनी बाबलला बोलावलं. बाबल तावडे हा घड्याळ सांभाळणारा जुना हुजऱ्या. राजेसाहेब कडाडले, "कोणीतरी चोर माझ्या घड्याळात पाणी शिरवतोय. गोकुळाष्टमीच्या आत त्याला माझ्यापुढे उभा कर. नाहीतर घर रिकामं कर आणि दुसरं गाव बघ!"

आता वाफेला दोरीने बांधून दरबारात आणायचं कसं? बाबलने काय करायचं बाकी ठेवलं होतं? डबीला आतून फ्लॅनेल लावलं, कापूर ठेवून पाहिला, घड्याळ फडक्यात गुंडाळून भाजलेल्या तांदळाच्या बरणीत रात्रभर ठेवलं. सकाळी काच लख्ख व्हायची आणि संध्याकाळी ये रे माझ्या मागल्या.

बिचारा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. वाड्यामागच्या दोन खोल्या, परसातलं अळू, बायकोने लावलेली अबोली, सगळं सोडून या वयात जायचं कुठे? त्याची लेक शेवंती वाड्यावर पानाची तबकं लावायची. तिला बापाचं तोंड बघवेना. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हेच. घड्याळ सकाळी कोरडं जातं आणि संध्याकाळी ओलं येतं, तर मधे काहीतरी होतंय, एवढं तिने ताडलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे तबक ठेवायला गेली ती डोळे उघडे ठेवूनच. राजेसाहेब मोठ्या हौसेने घड्याळ दाखवत होते. त्यांनी नखाने मागचं झाकण उचकटलं, आतली चिमुकली चक्रं पाहुण्यांना दाखवली. मग अगदी लाडाने तोंड जवळ नेऊन त्यांनी चक्रांवर 'हाऽऽ' केलं, रेशमी रुमाल फिरवला आणि झाकण टपकन लावून टाकलं. आजोबा चष्मा पुसतात ना, हुबेहूब तसं! शेवंतीला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती बाहेर पळाली.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा बाबलची बोबडीच वळली. इतकी वर्षं तोही हेच बघत होता, पण धन्याच्या त्या मायेच्या 'हाऽऽ'मधूनच पाणी आत शिरतंय, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो म्हणाला, "बाय माझे, गप बस. राजाला चोर म्हणशील तर घर राहिलं बाजूला, जीभही जाईल."

"मी कशाला म्हणू, बाबा? सरकार आपल्या तोंडाने म्हणतील."

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी भर दरबारात शेवंती बापाबरोबर उभी राहिली. चोर सापडलाय, म्हणाली, पण आधी त्याची शिक्षा कळू दे. राजेसाहेब तावातच होते. कोणी का असेना, त्याला अंगणात भर पावसात उभा करीन, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

बाबलने घड्याळ पुढे केलं. रात्रभर तांदळात राहून काच कशी झगझगीत झाली होती! राजेसाहेब खूश. सवयीने त्यांचं नख झाकणाखाली गेलं, तोंड पुढे आलं, 'हाऽऽ' झालं, रुमाल फिरला, झाकण टपकन लागलं. घड्याळ मनगटावर चढवून त्यांनी विचारलं, "कुठाय तुझा चोर?"

शेवंतीने विहिरीच्या गार पाण्याने भरलेला तांब्या पुढे धरला. घड्याळाची काच घटकाभर याला टेकवून धरावी, अशी तिने विनंती केली. राजेसाहेबांनी काच टेकवली आणि मग उचलून पाहिली. धुरकट! बाहेरून रुमालाने पुसली, तरी आतली वाफ हलेना.

शेवंती हात जोडून म्हणाली, "चोर आत्ताच आत शिरलाय, सरकार. घड्याळ कोरडं हाती आलं, त्यानंतर त्याला कोणाकोणाचं तोंड लागलं तेवढं सरकारांनी आठवावं."

राजेसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"म्हणजे... चोर मीच की!"

दरबारात सगळे माना खाली घालून बसले. राजेसाहेबांनी बाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे पाहिलं, मग शेवंतीकडे. "आणि शिक्षा मीच सांगून बसलोय. आता मला अंगणात उभं करणार का तू, पोरी?"

"राजाचा शब्द, सरकार, फिरवणारी मी कोण? पण चोराच्या मनगटावर थोरल्या सरकारांचं घड्याळ आहे, आणि ते उतरवायची आमची कोणाची छाती नाही. चोर भिजला तर घड्याळ भिजणार! तेव्हा घड्याळाच्या जिवासाठी चोराला छपराखालीच ठेवावं लागेल."

राजेसाहेब एकदम असे खो खो हसत सुटले की डोळ्यांतून पाणी आलं. ते घड्याळावर पडू नये म्हणून बाबलने घाईने त्यांचा हात बाजूला धरला, तर ते आणखीच हसले. मग वाड्यामागच्या त्या दोन खोल्या परसासकट बाबलच्या नावाने कायमच्या झाल्या आणि शेवंतीला जरीकाठी लुगडं मिळालं. वर हुकूम सुटला की, यापुढे घड्याळाचं झाकण उघडायचं तर राजेसाहेबांनीसुद्धा आधी शेवंतीला विचारायचं!