कडुलिंबाची डहाळी

बांबूच्या बनाला लागून असलेल्या एका गावात ठकूबाई नावाची बुरडीण राहत होती. सुपं, टोपल्या, रोवळ्या विणून ती आपलं पोट भरायची. घरात माणूस म्हणून ती एकटीच; पण कुणी तिला एकटी म्हटलं की रागवायची. "मग हा भुऱ्या कोण?" असं म्हणून दाराशी पसरलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवायची. भुऱ्याही मोठा शहाणा. आपलं नाव निघालं की शेपटी आपटायचा.

त्याच गावात दाजीबा नावाचे जनावरांचे वैद्य होते. त्यांच्या हाताला गुण होता, आणि त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. पण वैद्याच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, अशी गावाची जुनी रीत होती. पाटील नारळ आणि पागोटं न्यायचे, व्यापारी गुळाची ढेप न्यायचे. दाजीबांच्या ओसरीवर या वस्तूंची रास लागायची आणि ती रस्त्यावरून सगळ्यांना दिसायची. खालच्या आळीतली गरीब माणसं ती रास बघायची आणि मुकाट्याने पुढे जायची. दाजीबांना मात्र वाटायचं, खालच्या आळीतली जनावरं भारी काटक, कधी आजारीच पडत नाहीत. आता या भोळेपणाला काय म्हणावं?

एके दिवशी भुऱ्याच्या पंजात बांबूची कामटी घुसली. ठकूबाईने ती उपसून काढली, जखमेत हळद भरली. पण कामटीचं टोक आतच राहिलं. पंजा सुजला. भुऱ्या भाकरीला तोंड लावेना. वैद्याकडे जायला हवं, पण हातात काय न्यायचं? ती सूप विणायला बसली. तेही साधंसुधं नाही, वैद्यबुवांच्या ओसरीवर शोभेल असं. बारीक कामट्या काढल्या, काठाला नक्षी धरली. चार दिवस ती विणत होती आणि चार दिवस भुऱ्या शेजारी कण्हत होता.

पाचव्या दिवशी सकाळी काठ बांधून झाला. तिने भुऱ्याला हाक मारली, तर त्याची शेपटी हलली नाही. ठकूबाईने त्याला पाटीत घातलं, पाटी डोक्यावर घेतली, सूप काखेत मारलं आणि धावत सुटली.

दाजीबांनी पंजा पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. "बाई, हे आजचं दुखणं नाही. इतके दिवस कुठे होतीस?"

"सूप विणत होते," ठकूबाई म्हणाली. "रिकाम्या हाताने कशी येऊ?"

दाजीबांनी सुपाकडे पाहिलं, मग ओसरीवरच्या राशीकडे पाहिलं. त्यांनी पंजा चिरून टोक काढलं, सडलेलं एक बोट कापलं, पाला वाटून बांधला आणि कुत्र्याला तिथेच ठेवून घेतलं. ठकूबाईही त्याच्यापाशी बसून राहिली. चौथ्या दिवशी भुऱ्याने भाकरी खाल्ली आणि शेपटी आपटली. ठकूबाई त्याला कवटाळून रडली, मग तिने दाजीबांचे पाय धरले.

दाजीबा मागे सरले. "पाय धरू नकोस. पहिल्याच दिवशी आणला असतास तर त्याचं एक बोट गेलं नसतं. आता तो जन्मभर लंगडणार. यात तुझी चूक नाही, बाई. माझी ओसरी तुला आडवी आली."

त्याच दिवशी त्यांनी ओसरी रिकामी केली. ठकूबाईच्या सुपात कडुलिंबाच्या डहाळ्या भरून ते सूप फाटकाशी ठेवलं. येणाऱ्याने त्यातली एक डहाळी उचलून वैद्याच्या हाती द्यायची, की रीत पाळली गेली. जखमा धुवायला पाला लागतच होता. पाटील नारळ घेऊन आले, तेव्हा दाजीबा म्हणाले, "सुगीला जमेल ते धान्य द्या, ते मी घेईन. इथे येताना मात्र सगळ्यांच्या हाती डहाळीच." पाटील कुरकुरले, पण घोडी आजारी होती, त्यांनी डहाळी उचलली.

मग खालच्या आळीतून शेळ्या आल्या, मांजरं आली, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा आला. "काटक म्हणे," असं पुटपुटत दाजीबा स्वतःवरच हसायचे.

ठकूबाई दरवर्षी फाटकासाठी नवं सूप विणून आणायची. भुऱ्या लंगडत मागे यायचा. पाल्यासाठी इतकं नक्षीचं सूप कशाला, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सुपापायी माझ्या भुऱ्याचे चार दिवस गेले. आता हे सूप लांबूनच सगळ्यांना दिसू दे, म्हणजे कुणाचा एकही दिवस जाणार नाही."

तात्पर्य: उपचार करणाऱ्याचं मन मोठं असून भागत नाही, गरिबालाही संकोच न वाटता चढता येईल, अशी त्याच्या दाराची पायरी असावी लागते.