तळवाडी कोणी बुडवली?

घटाघटांत वसणाऱ्या, सर्व करूनही अकर्ता राहणाऱ्या नारायणा, तुझ्या चरणी मस्तक ठेवितो. या वाणीला खरे बोलण्याचे बळ दे.

एका राज्यात सुकीर्त नावाचा राजा होता. त्याचा उजवा हात त्याचे ऐकेना. घास घ्यावा, तर हात ताट सोडून भुई उकरू लागे. साखळदंडाने बांधावा, तर साखळदंड तुटे. गेल्या महापुरात नगर वाचावे म्हणून राजाने स्वतः कुदळ घेऊन नदीचा बांध फोडला होता. नगर वाचले, खालच्या अंगाची तळवाडी बुडाली. वाडीतली एकटी उरलेली वृद्ध मांत्रिकीण जान्हवी हिने शाप दिला, "आपले कर्म न ओळखणारा हा हात आता थांबणार नाही. चौथ्या सूर्योदयी तो नगराचा तट उकरून पाडील."

राजाचा जीव थाऱ्यावर राहिना. तेव्हा वडावरची साळुंकी मनुष्यवाणीने बोलली, "राजा, तीन दारी जा. तळवाडी कोणी बुडवली, ते विचार. खरे उत्तर उघड झाले की हात तुझा होईल."

पहिले दार राजजोशांचे. "शनीने बुडवली, महाराज. आपण निमित्तमात्र." राजाला बरे वाटले, हाताने मात्र अंगण कोपरभर खणले. आतून जोशीणबाई ओरडल्या, "अहो, त्या शनीला सांगा, माझी तुळस तरी सोड!"

दुसऱ्या दिवशी दुसरे दार, प्रधानाचे. "चाळीस गेले, दहा सहस्र वाचले. राजधर्माने बुडवली."

"खरे आहे," राजा म्हणाला. खरेच होते ते. तरी हात दुप्पट वेगाने चालला. नखांतून रक्त आले. "प्रधानजी, बोल खरा, मग हा थांबत का नाही?"

प्रधानाने रक्त पुसायला आपला शेला पुढे केला.

तिसऱ्या दिवशी जान्हवीची झोपडी. "या, निमित्तमात्र!" ती म्हणाली. "आज कोणाचे नाव आणलेत?"

"माझे. आजी, बांध मी फोडला. तीच वेळ आली, तर पुन्हा फोडीन."

"तुमच्या जागी मीही फोडला असता. शाप त्याचा नाही."

राजा उंबऱ्यापाशी खाली बसला; हात माती खरवडीतच होता.

"बांध फोडण्याआधी दवंडी द्यायची रीत," तो म्हणाला. "दवंडीवाला निघाला होता. मी त्याला अडवले. तुम्ही लेकरे घेऊन बांधावर उभे राहिला असता, तर माझी कुदळ उठली नसती. हाताशी एक प्रहर होता, आजी. सारे वाचले असते."

"मला का सांगता? मी तर घर गमावून बसले आहे. ज्यांच्यापासून लपवलेत, त्यांना सांगा."

चौथा सूर्य उगवला. हात तटाकडे झेपावत असता राजाने डाव्या हाताने दवंडीवाल्याचा डफ धरला आणि उजवा ओढून त्यावर मारला. "ऐका हो ऐका! तळवाडीची दवंडी मी अडवली! चाळीस जीव माझ्या भयाने गेले!" कोणी रडले, कोणी थुंकले. राजा चौकाचौकांतून फिरला. सातव्या चौकात त्याच्या ध्यानी आले की हाताला आता ओढावे लागत नाही.

तट उभा राहिला. राजाने क्षमा मागितली. जान्हवीने दिली नाही. पण उंचावर नवी वाडी वसू लागली, तेव्हा पहिल्या घराची जागा तिनेच दाखवली.

श्रोतेहो, नारायण तुमच्या हातांना निर्मळ कर्म देवो, चुकले ते बोलण्याचे धैर्य देवो, आणि घरोघरी अन्न, दिवा व स्वस्थ झोप नांदो.